सोनारानं कान टोचावे, मग ओठ कोणी शिवावा?

लष्करात महाराज बाड्यावरून सराफा बाजारात शिरलं की दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या लागतात आणि वर मान केली की जुन्या वाड्यांचे कोरीव दगडी झरोखे दिसतात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला. त्या तळाचं शहर झालं, पण नाव मात्र 'लष्कर'च राहिलं. सराफ्याचा इतिहास म्हटलं की बहुतेकांना 1858 मधला कडुनिंब आठवतो. ग्वाल्हेरच्या खजिन्याचे अधिकारी अमरचंद बांठिया यांना त्याच झाडावर फाशी दिलं. त्या प्रकरणावर पुष्कळ लिहून झालं आहे. या टिपणाचा विषय अगदी लहान वस्तूचा आहे. तो म्हणजे सोनाराची सुई, आणि त्या सुईच्या निमित्तानं जन्मतः दुभंगलेल्या ओठाचा आणि टाळूचा आपल्याकडचा इतिहास.

'सोनारानंच कान टोचावेत' ही म्हण आपण रोज वापरतो, ती अर्थात दुसऱ्याच अर्थानं. पण म्हणीच्या मुळाशी खरा व्यवहार आहे. मराठी घरात बारशाला किंवा पुढच्या काही महिन्यांत बाळाचे कान टोचायला सोनाराला बोलावत, नाहीतर बाळाला घेऊन त्याच्याकडे जात. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांनी ही रीत दक्षिणेतून सोबत आणली आणि इथल्या सराफ्यात ती सहज रुजली, कारण हिंदी मुलखातही कर्णवेधाचा संस्कार होताच. सोनाराच्या हाताला बारीक कामाची सवय, तार शुद्ध सोन्याची, म्हणून कान सहसा पिकत नसे. शरीराला भोक पाडण्याचं हे एक काम असं होतं, जे वैद्याकडून कारागिराकडे गेलं आणि तिथे टिकलं.

सुश्रुताचा सोळावा अध्याय

हे काम मुळात वैद्याचं होतं याचा पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की टोचावं, त्याला दाईच्या मांडीवर खेळण्यात रमवावं, कानाची पाळी ओढून उन्हात धरावी, जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच सुई घालावी, मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी टोचावा, मग कापसाची वात घालून तेल सोडावं, इतकं तपशीलवार वर्णन तिथे येतं. चुकीच्या शिरेला सुई लागली तर काय होतं, तेही सांगितलं आहे.

पुढे तोच अध्याय हळूहळू दुसऱ्या विषयाकडे सरकतो. जड दागिन्यांनी पाळी लोंबते, फाटते. फाटलेली पाळी जोडायचे पंधरा प्रकार सुश्रुत देतो. पाळीच उरली नसेल तर गालाच्या कातड्यातून नवी कशी करावी ते सांगतो. तिथून तो कापलेल्या नाकावर येतो. नाकाच्या मापाचं पान घ्यावं, त्या मापाची गालाची कातडी एका बाजूनं चिकटलेली ठेवून उचलावी, नाकाच्या जागी बसवावी, श्वासासाठी आत दोन नळ्या घालाव्यात. आणि शेवटी अगदी थोडक्यात ओठ येतो. ओठ जोडायची रीत नाकासारखीच, फक्त नळ्या नकोत.

म्हणजे कानाची सुई, नाकाचं कातडं आणि ओठाचा सांधा हे तिन्ही एकाच अध्यायात, एकाच हाताची कामं म्हणून आलेले आहेत. आपल्या विषयासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे यांतलं कान सोनाराकडे गेलं. नाकाचं काय झालं ते पुढे पाहू. ओठाचं काय झालं, हा खरा प्रश्न.

खंडौष्ठ

सुश्रुतानंतर काही शतकांनी वाग्भटानं 'अष्टांगहृदय' लिहिलं. त्याच्या उत्तरस्थानात मुखरोगांची यादी आहे आणि ओठांच्या रोगांत पहिलंच नाव 'खंडौष्ठ' आहे, म्हणजे दोन भागांत फुटलेला ओठ. वाताच्या कोपानं हे होतं असं तो म्हणतो. हे व्यंग जन्मजात असतं असं तो स्पष्ट लिहीत नाही, त्यामुळे त्याच्या शब्दांत आपल्या सोयीचा अर्थ भरू नये. पण उपचार मात्र नेमका आहे. फटीच्या दोन्ही कडा खरवडून घ्याव्यात, शिवाव्यात आणि पुढे साध्या जखमेसारखी काळजी घ्यावी.

'खरवडून' या शब्दात सगळं मर्म आहे. फटीच्या कडांवर बरी झालेली कातडी असते. नुसत्या कडा जवळ आणून शिवल्या तर त्या कधीच जुळत नाहीत. आधी त्या ओल्या, रक्ताळलेल्या कराव्या लागतात, तेव्हाच मांसाला मांस धरतं. चीनमध्ये चौथ्या शतकात वेई यांग-ची नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा जन्मजात फाटलेला ओठ वैद्यानं जोडल्याची नोंद आहे. तिथेही हेच तत्त्व होतं. कडा कापून शिवल्या आणि मग शंभर दिवस फक्त पेज प्यायची, हसायचं नाही, बोलायचं नाही अशी ताकीद दिली. तो तरुण पुढे मोठा सुभेदार झाला.

सरळ शिवण्याची एक अडचण आहे. जखमेचा व्रण आखडतो, ओठ वर ओढला जातो आणि तिथे खाच राहते. हे टाळण्यासाठी कड सरळ न शिवता एका बाजूचा मांसल भाग खाली फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूचा पुढे सरकवायचा, ही पद्धत अमेरिकन सर्जन राल्फ मिलार्ड यांनी 1950 च्या दशकात मांडली. आज जगभर ओठाची शस्त्रक्रिया बहुतेक याच पद्धतीनं किंवा तिच्या एखाद्या फेरफारानं होते. वाग्भटापासून मिलार्डपर्यंतचं अंतर मोठं आहे, ते लपवण्यात काही भूषण नाही. पण पहिलं पाऊल बरोबर पडलं होतं, हेही खरं.

पुण्याचं नाक

आता नाकाकडे येऊ, कारण ओठाचं काय झालं ते समजायला नाकाची मदत होते. टिपूविरुद्धच्या 1792 च्या युद्धात कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज सर्जन, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, त्याच्या मापाची कपाळाची कातडी भुवयांमध्ये एक पट्टी चिकटलेली ठेवून कापली, ती फिरवून खाली बसवली आणि कडांवर विड्यात घालतो त्या काताचा लेप असलेल्या कापडाच्या पट्ट्या दिल्या. टाके घातलेच नाहीत. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात बहुतेक इतिहासकार इथून धरतात.

ग्वाल्हेरकरांनी यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. महादजी शिंदे जून 1792 मध्ये पुण्यात आले आणि फेब्रुवारी 1794 मध्ये वानवडीला वारले. कावसजीचं नाक झालं ते याच काळात. आणि ज्या जेम्स वेल्सनं महादजींचं चित्र काढलं, त्यानंच कावसजीचंही चित्र काढलं. नव्या नाकाची ही विद्या पाटीलबाबांच्या छावणीपासून हाकेच्या अंतरावर जिवंत होती.

सुश्रुत कातडी गालाची घेतो, पुण्याचा कारागीर कपाळाची. म्हणजे हा माणूस पोथी वाचून काम करत नव्हता. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे आलेली होती. मग तशीच एखादी परंपरा ओठाचीही का उरली नाही? मला कारण असं दिसतं. नाक कापणं ही त्या काळी शिक्षा होती, युद्धातली विटंबना होती. नाक गेलेला माणूस मोठा असायचा, शिपाई किंवा शेतकरी असायचा, त्याला इज्जत परत हवी असायची आणि तो वेदना सोसायला तयार असायचा. गिऱ्हाईक होतं, म्हणून कारागीर होता. ओठ फाटलेलं बाळ मात्र कुणाचं गिऱ्हाईक नव्हतं. भूल नसताना त्याला चाकूखाली धरायचं कसं? शिवाय साडेचार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे दीड-दोन पेल्यांएवढं. थोडं वाहिलं तरी जीव जातो. नाकाला हात मिळाला, ओठाला मिळाला नाही. ओठाच्या वाट्याला आली ती फक्त कारणमीमांसा.

दोष कुणाचा?

आणि ती कारणमीमांसा सगळी आईकडे बोट दाखवणारी होती. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यापासून गर्भिणी 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची होते असं म्हटलं आहे. तिच्या इच्छा पुरवल्या नाहीत तर मूल कुबडं, पांगळं, मुकं किंवा मिन्मिन, म्हणजे गेंगाणं होतं. फाटलेल्या टाळूच्या मुलाचं बोलणं गेंगाणंच असतं, कारण हवा तोंडातून येण्याऐवजी नाकातून निसटते. या दोहदावरूनच आपला 'डोहाळे' शब्द आला. डोहाळे पुरवावेत ही रीत प्रेमाची आहे यात शंका नाही. पण तिच्या पोटात एक धमकीही आहे. मूल व्यंगाचं झालं की घरात विचारत, 'हिचं काय खायचं राहिलं होतं?'

दुसरा आरोप ग्रहणाचा. ग्रहणात गरोदर बाईनं चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ चिरतो. ही समजूत महाराष्ट्रात आहे, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आहे आणि शेजारच्या हिंदी घरांतही आहे. ती आपल्यापुरतीच नाही. मेक्सिकोत प्राचीन काळापासून चंद्राला ग्रहणात चावा बसतो, तसाच बाळाच्या ओठाला बसतो असं मानत, आणि गर्भिणी पोटाशी काचेसारख्या काळ्या दगडाची सुरी बांधत. आता तिथे सेफ्टी पिन लावतात.

दोन्ही आरोप तारखांवर तपासून पाहता येतात. गर्भाचा चेहरा मध्यभागी येऊन जुळणाऱ्या वेगवेगळ्या कोंबांतून तयार होतो. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळून जातो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. त्या वेळी जे जुळलं नाही ते फटीच्या रूपानं राहतं. सुश्रुताची दौहृदिनी चौथ्या महिन्यातली, आपलं डोहाळजेवण सातव्या महिन्यातलं. म्हणजे डोहाळे पुरवायची वेळ येईपर्यंत ओठाचा निकाल कधीच लागलेला असतो. सातव्या आठवड्यात तर कित्येक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही पक्कं ठाऊक नसतं. ग्रहणाचं म्हणाल, तर ग्रहणांचा हंगाम साधारण सहा महिन्यांनी येतो आणि गरोदरपण नऊ महिन्यांचं असतं. त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात जगात कुठे ना कुठे एक तरी ग्रहण पडतंच. शोधायचंच म्हटलं तर प्रत्येक आईवर ठेवायला ग्रहण सापडतं. मात्र दुभंगलेला ओठ किंवा टाळू सातशे-हजार जन्मांत एखाद्याच बाळाला असते.

खरी कारणं अनेक असतात. काही अंशी आनुवंशिक, काही अंशी आईची तंबाखू आणि दारू, मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधं, फॉलिक आम्लाची कमतरता. बहुतेक वेळा एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. ओठाची फट मुलांमध्ये जास्त आणि डाव्या बाजूला जास्त दिसते. नुसती टाळूची फट मुलींमध्ये जास्त. या यादीत विळी, सुरी, राहू, केतू कुठेच नाहीत.

चांदीचं बोंडलं

सराफ्याशी या विषयाचा आणखी एक धागा आहे. बारशाला आजोळहून चांदीचं बोंडलं यायचं, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची, पुढे निमुळती चोच असलेली वाटी. बाळाला दूध, औषध, गुटी पाजायला ती वापरत. दक्षिणेत तिला पालडै म्हणतात.

टाळू फाटलेल्या बाळाचा पहिला शत्रू भूक असतो. तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदा नसल्यामुळे त्याला चोखण्यासाठी लागणारी ओढ निर्माणच करता येत नाही. अंगावर घेतलं तरी दूध ओढलं जात नाही, ते नाकातून परत येतं, बाळ दमतं आणि सुकत जातं. पूर्वी अशी कित्येक मुलं याच भुकेनं गेली. बोंडल्याला चोखावं लागत नाही. दूध चोचीतून थोडं थोडं जिभेच्या मागच्या बाजूला सोडता येतं. आजही बालरोगतज्ज्ञ अशा बाळाला बसतं धरून, आईचं काढलेलं दूध चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायला सांगतात. वाटी उकळून स्वच्छ केलेली हवी आणि मध्ये मध्ये ढेकर काढायला हवी, एवढी पथ्यं. आज आपण बोंडलं दागिन्यांच्या डब्यात आठवण म्हणून ठेवतो. ते मुळात काय काम करू शकत होतं, याची नोंद वारसा म्हणून व्हायला हवी.

सुई परत येते

ओठाची सुई परत यायला भूल आणि निर्जंतुक शस्त्रक्रिया यांची वाट पाहावी लागली. ईथरची भूल 1846 पासून, निर्जंतुकीकरण 1867 च्या पुढे. ग्वाल्हेरला 1899 मध्ये जयारोग्य रुग्णालय आलं, आणि 1946 मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय. सराफ्यापासून दोन्ही फार लांब नाहीत. पण रुग्णालय असणं आणि खेड्यातल्या आईला ओठ शिवता येतो हे माहीत असणं, यांत बरंच अंतर असतं.

ते अंतर तोडणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे, डॉ. शरदकुमार दीक्षित. 1930 साली पंढरपूरला जन्म, अमेरिकेत प्लास्टिक सर्जन. 1968 पासून ते भारतात येऊन मोफत शिबिरं घेऊ लागले. 1978 च्या मोटार अपघातात त्यांची एक बाजू लुळी पडली. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग झाला, हृदयविकाराचे झटके आले. तरीही चाकाच्या खुर्चीवरून ते वर्षानुवर्षं महाराष्ट्रात गावोगाव फाटलेले ओठ शिवत राहिले. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय जैन संघटना आजही अशी शिबिरं घेते.

शिबिरांची एक मर्यादा मात्र पुढे लक्षात आली. ओठ एका दिवसात शिवला जातो, पण टाळू, कान, दात आणि बोलणं यांना वर्षं लागतात. टाळू शिवल्यावरही बोलायला शिकवावं लागतं, नाहीतर गेंगाणेपणा राहतो. म्हणून 1999 मध्ये सुरू झालेल्या स्माइल ट्रेनसारख्या संस्थांनी स्थानिक रुग्णालयांतल्याच डॉक्टरांना मदत देऊन वर्षभर उपचार चालू ठेवायची वाट धरली. मिर्झापूरच्या एका मुलीवरचा 'स्माइल पिंकी' हा माहितीपट 2009 मध्ये ऑस्कर घेऊन आला, तेव्हा हा विषय पहिल्यांदाच घराघरांत बोलला गेला. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मतः तपासायच्या दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहेत आणि उपचार मोफत आहेत. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात, टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे मूल नीट बोलायला लागायच्या आत. मोठ्या वयातही ती होते, पण बोलण्याची सवय तोवर बसलेली असते.

आपण काय जपायचं?

वारशाच्या गप्पांत सुश्रुताचं नाव अभिमानानं निघतं, आणि निघावंही. पण एकाच परंपरेत दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक, कडा खरवडून शिवायची सुई. दुसरी, आईला दोष देणारं कारण. सुई पोथीत राहिली आणि दोष घरात राहिला. शेकडो वर्षं लोकांच्या हाती पोहोचलं ते चुकीचं अर्धं.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक सुचवावंसं वाटतं. जुन्या घरांतून आठवणी गोळा करताना दागिने, नाणी, मोडी कागद यांच्यासोबत हेही विचारावं. बारशाचं बोंडलं कुठून आलं, कान कुणी टोचले, ग्रहणात काय काय बंद असायचं, आणि घरात ओठ फाटलेलं मूल जन्मलं असेल तर त्याच्या आईला काय ऐकून घ्यावं लागलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक हलक्या आवाजात मिळेल. तेही लिहून ठेवावं, पण नाव न घालता. आणि सांगणारीला जाता जाता एवढं जरूर सांगावं, की बाळाचा ओठ सातव्या आठवड्यातच ठरतो. तेव्हा ना डोहाळे लागलेले असतात, ना ग्रहणाचा संबंध असतो, ना तिच्या हातून काही चुकलेलं असतं.